चर्चमधलं चित्र वाचायचं कसं? मुंबईत उभं राहून, पायरी-पायरीने

संत अँथनीच्या फोटोखाली 'संत जोसेफ' असं लिहिलेलं असतं. माहीमच्या प्रसिद्ध चित्राखाली नुसतं 'मदर मेरी आणि बाळ येशू' एवढंच. अफगाण चर्चच्या रंगीत काचेखाली 'ब्रिटिशकालीन सुंदर नक्षीकाम'. हेरिटेज वॉकचे फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, दिवाळी अंकातले लेख, सगळीकडे याच चुका पुन्हा पुन्हा भेटतात. माणसं मन लावून बघत नाहीत असं नाही, पण क्रम उलटा धरतात. आधी मोबाइलवर नाव शोधायचं, मग त्या नावाला साजेसं चित्रात बघायचं. त्यामुळे चित्रात जे खरोखर आहे ते नजरेतून निसटतं.

इथे सांगितलेला क्रम असा आहे: आधी नुसतं बघणं, मग खुणा, मग प्रसंग, मग बायबलमधला उतारा, मग त्याच प्रसंगावरचं मराठी काव्य, आणि साल व इतिहास सगळ्यात शेवटी. एकही पायरी गाळू नका.

## निघण्यापूर्वीची तयारी

सोबत एक वही, पेन्सिल, छोटी दुर्बीण आणि मराठी बायबल असू द्या. बायबल मोबाइलवर असलं तरी चालेल. दुर्बीण चैनीची वस्तू वाटेल, पण वेदीमागच्या खिडकीचा वरचा भाग आणि छताजवळची चित्रं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत, आणि मोबाइलच्या झूममध्ये रंग फुटतात.

पॅरिश ऑफिसला, म्हणजे चर्चच्या कार्यालयाला, आधी फोन करा किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारा. चर्च कधी उघडं असतं, मिस्सा (कॅथलिक उपासना) कधी आहे, फोटो चालतात का, हे तीनच प्रश्न. कुलाब्याचं अफगाण चर्च नेव्ही नगरच्या वाटेवर आहे, तिथे जाताना ओळखपत्र जवळ असलेलं बरं. गोरेगाव पूर्वेला सेंट पायस कॉलेजच्या आवारात मुंबई धर्मप्रांताचं वारसा संग्रहालय आहे. लाकडी आणि हस्तिदंती मूर्ती जवळून बघायच्या असतील तर यासारखी जागा नाही, पण तिथेही वेळ विचारूनच जा.

सावधान: ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अनेक कॅथलिक चर्चमध्ये मूर्ती आणि क्रूस जांभळ्या कापडाने झाकतात. ही जुनी प्रथा आहे. फक्त मूर्ती बघायला जाणार असाल तर हे दिवस टाळा. बुधवारी माहीमला आणि सप्टेंबरमध्ये जत्रेच्या दिवसांत बांद्र्याला मोतमाउलीकडे (माउंट मेरी चर्च) चित्र वाचायला जाऊ नका. तिथे लोक नवस आणि प्रार्थना घेऊन आलेले असतात, रांग त्यांची आहे.

## पायरी 1: उजेड बघून वेळ ठरवा

रंगीत काच उजेडानेच वाचता येते. जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, म्हणून वेदीमागची खिडकी सकाळी आणि प्रवेशाच्या बाजूची संध्याकाळी बघावी. अफगाण चर्चमधल्या विल्यम वेल्स या काचचित्रकाराच्या पूर्व आणि पश्चिमेकडच्या खिडक्यांसाठी दोन वेगळ्या वेळी जायची तयारी ठेवा. एकाच फेरीत दोन्ही उरकल्या तर एक खिडकी हमखास काळपट दिसते आणि वहीत 'रंग फिके' अशी चुकीची नोंद होते.

मूर्ती आणि भिंतीवरच्या चित्रांना याच्या उलट न्याय लागतो. कडक उजेडात रंगवलेली भिंत चमकते. होली नेम कॅथेड्रलमधली भित्तिचित्रं उतरत्या, मऊ उजेडात जास्त नीट दिसतात.

आत गेल्यावर मागच्या बाकावर बसा. प्रार्थना करणारा माणूस आणि वेदी यांच्या मधून जाऊ नका. मिस्सा चालू असेल तर बसून राहा, पण कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत उभं राहू नका. फ्लॅश कधीही नको.

## पायरी 2: नाव न शोधता बघा आणि लिहा

मोबाइल खिशात ठेवा. एकच चित्र किंवा मूर्ती निवडा. अख्खं चर्च एका दिवसात वाचून होत नाही, तो हट्ट धरू नका.

वहीत फक्त दिसतं ते लिहा, अर्थ लिहू नका. किती माणसं, कोण बसलंय, कोण उभं, कोणाची नजर कुठे, हातात काय, पायाखाली काय, कपड्याचा रंग कोणता, दाढी आहे की नाही, डोक्यामागे तेजोवलय आहे का, कोपऱ्यात कोणता प्राणी आहे. 'मरिया दुःखी आहे' असं लिहू नका. 'बाईची मान डावीकडे झुकलेली, डोळे आपल्याकडे' असं लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नोंदींवर उभ्या राहणार आहेत, म्हणून इथे कंजुषी नको.

तपासा: तुमच्या यादीत एकही विशेषनाम आलं नसेल तरच पुढे जा.

## पायरी 3: खुणा जुळवा, पण दोन जुळल्याशिवाय नाव नाही

कटेवर हात दिसले की विठोबा, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. ख्रिस्ती चित्रकलेत प्रत्येक संताला अशाच खुणा नेमून दिलेल्या आहेत. बहुतेकदा ती वस्तू त्याच्या कामाशी किंवा त्याच्या मरणाशी जोडलेली असते.

किल्ल्या हातात असलेला पेत्र, तलवार धरलेला पौल, फुलीच्या आकाराच्या क्रुसासोबत आंद्रेया. अंगात बाण रुतलेला तरुण म्हणजे संत सेबॅस्टियन. मांडीवरची जखम दाखवणारा आणि शेजारी कुत्रा असलेला प्रवासी म्हणजे संत रॉक. या दोघांचा धावा साथीच्या रोगांत केला जाई. लोखंडी जाळी धरलेला लॉरेन्स, मोडक्या चाकाशेजारची कॅथरीन, तबकात डोळे घेतलेली ल्युसी. पायाखाली सैतान आणि हातात तराजू किंवा भाला असलेला पंखधारी योद्धा म्हणजे मुख्य देवदूत मिखाएल. चार शुभवर्तमानकारांची (बायबलमध्ये येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं व्यासपीठावर किंवा छताच्या कोपऱ्यांत सापडतात: माणूस किंवा देवदूत म्हणजे मत्तय, पंखांचा सिंह म्हणजे मार्क, बैल म्हणजे लूक, गरुड म्हणजे योहान.

वसईचे वाचक एक खूण आवर्जून शोधतात. क्रुसावर असलेला आणि दोन भाल्यांनी विंधलेला तरुण संन्यासी. हे संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, मृत्यू 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला, आणि 1862 मध्ये संतपद.

सगळ्यात जास्त गोंधळ बाळ येशू कडेवर असलेल्या पुरुषांचा होतो. हातात पांढरी लिली दिसली की कोणी जोसेफ म्हणतं, कोणी अँथनी. लिली दोघांनाही असते, बाळही दोघांकडे असतं. म्हणून तिसरीकडे बघा. जोसेफला दाढी असते, अंगात लांब झगा आणि वरून शाल, कधी जवळ सुतारकामाची हत्यारं. अँथनीला दाढी नसते, डोक्याच्या मध्यभागी केस काढलेले, तपकिरी फ्रान्सिस्कन झगा, कमरेला गाठी मारलेली दोरी, आणि पुष्कळदा बाळ एका पुस्तकावर बसलेलं. असिसीच्या फ्रान्सिसचाही झगा तोच, पण त्याच्या हातापायांवर जखमांच्या खुणा असतात. फ्रान्सिस झेवियर पुन्हा वेगळा: दाढी, काळा झगा, त्यावर पांढरा आखूड अंगरखा, हातात क्रूस. एका खुणेवर नाव ठोकून दिलं की इथेच फसायला होतं.

योहानही दोन आहेत. उंटाच्या केसांचं वस्त्र, काठीचा बारीक क्रूस आणि कोकरू असेल तर बाप्तिस्मा करणारा योहान. दाढी नसलेला तरुण, हातात प्याला किंवा जवळ गरुड असेल तर प्रेषित योहान. अफगाण चर्च दुसऱ्या योहानाच्या नावाने आहे.

मरियेच्या बाबतीत चूक वेगळीच होते. ती ओळखू येते, पण कोणत्या रूपातली ते कोणी बघत नाही. पांढरा पोशाख, निळा कमरपट्टा, हातात जपमाळ आणि पायांवर गुलाब असेल तर लुर्डची माता. पायाखाली चंद्रकोर आणि साप, डोक्याभोवती बारा तारे असतील तर निष्कलंक गर्भसंभवाचं (मरिया गर्भात आल्यापासूनच पापरहित होती या श्रद्धेचं) रूप. त्यातले चंद्र आणि तारे बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायातून आलेत. छातीत सात तलवारी असतील तर दुःखी माता. तपकिरी झगा आणि हातात कापडाचे दोन छोटे तुकडे लोंबत असतील तर कार्मेलची माता. प्रत्येक रूपाची प्रार्थना वेगळी, सण वेगळा, म्हणून नुसतं 'मेरी' लिहून भागत नाही.

सावधान: डावं-उजवं सांगताना कोणाचं ते लिहा. क्रुसावरच्या येशूची उजवी बाजू म्हणजे आपली डावी. मरिया सहसा त्याच्या उजवीकडे आणि योहान डावीकडे उभा असतो. हे उलट लिहिलं की दोघांची नावं अदलाबदल होतात.

## पायरी 4: गावठाणातले क्रूस आणि चौदा स्थानं

चर्चबाहेरचंही वाचा. खोताची वाडी, माथारपाखाडी, रणवार अशा ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या) वस्त्यांमध्ये रस्त्याच्या कडेला क्रूस आहेत. त्यातले काही 1896 च्या प्लेगच्या काळात उभे राहिले. बांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात एकाच दगडातून घडवलेला सुमारे 17 फुटी क्रूस आहे, आणि त्याच्या अंगावर येशूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली आहेत. असा क्रूस समोर आला की खालून वर जा आणि एकेक वस्तू वेगळी करा. या चिन्हांमध्ये साधारणपणे शिडी, हातोडा, सांडशी, खिळे, चाबूक, खांब, काट्यांचा मुकुट, भाला, स्पंज, फासे आणि कोंबडा येतात. फासे येशूच्या कपड्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्यांसाठी, कोंबडा पेत्राने तीनदा नाकारलं त्यासाठी. प्रत्येक वस्तूमागे एक प्रसंग आहे, नक्षी म्हणून तिथे काहीही नाही.

तळाशी कवटी असेल तर ती धोक्याची किंवा स्मशानाची खूण समजू नका. येशूला जिथे क्रुसावर दिलं त्या गोलगोथा या जागेची ती खूण आहे, आणि परंपरेने ती आदामाची कवटी मानतात. वरच्या फळीवरची आय-एन-आर-आय ही चार लॅटिन अक्षरं म्हणजे 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा' (योहान 19:19).

चर्चच्या आतल्या भिंतींवर 'क्रुसाची वाट' असते, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग, एकूण 14 स्थानं. ती दारापासून सुरू होतात असं गृहीत धरून बरेच जण उलट फिरतात. प्रत्येक स्थानावर रोमन आकडा किंवा क्रमांक असतो, तो बघा. पहिलं स्थान पिलात या रोमन सुभेदाराच्या निवाड्याचं, चौदावं कबरेचं. आकडे सापडेपर्यंत एकही ओळ लिहू नका.

## पायरी 5: उतारा काढा आणि चित्रात जास्तीचं काय ते वेगळं लिहा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण चित्र आणि ग्रंथ यांच्यात फट असते आणि लेख लिहिणारे नेमके तिथेच घसरतात. चित्रात दिसलं म्हणून 'बायबलमध्ये म्हटलंय' असं लिहून मोकळे होतात.

वहीचं पान दोन रकान्यांत करा. डावीकडे उताऱ्यात असलेलं, उजवीकडे फक्त चित्रात असलेलं. नाताळच्या गव्हाणीपासून सुरुवात करा, ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. लूक 2 मध्ये गव्हाण आहे आणि मेंढपाळ आहेत, पण बैल आणि गाढव नाहीत. ते यशया 1:3 मधून चित्रकारांनी आणले. मत्तय 2 मध्ये पूर्वेकडचे मागी लोक (ज्ञानी, ज्योतिषी) आहेत. ते तीन होते असं तिथे नाही, राजे होते असंही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत, त्यावरून तीन माणसं झाली. शिवाय मत्तयात ते घरात शिरतात, गोठ्यात नाही.

पुढे असंच करत जा. उत्पत्ती 3 मध्ये फळ आहे, सफरचंदाचं नाव नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 मध्ये पौल जमिनीवर पडतो, पण घोडा कुठेच नाही, आणि युरोपातल्या कितीतरी चित्रांत तोच घोडा सर्वांत मोठा आहे. क्रुसाच्या वाटेवर येशू तीनदा पडतो आणि वेरोनिका त्याचा चेहरा पुसते. ही स्थानं शुभवर्तमानांत नाहीत, ती भक्तिपरंपरेतून आली.

यावरून चित्रकाराला चुकीचं ठरवू नका. उजव्या रकान्यातच त्याची स्वतःची समज आणि त्याच्या काळातली भक्ती दिसते. माझ्या मते तो रकाना जितका भरेल तितका लेख चांगला होतो.

तपासा: डाव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे अध्याय आणि वचनाचा आकडा हवा. तो नसेल तर ती ओळ उजवीकडे न्या.

### एक उदाहरण: माहीमची नित्य साहाय्य माता

हे चित्र मुंबईत घराघरांत आहे, रिक्षांमध्येही आहे, म्हणून कोणी नीट बघत नाही. मूळ चित्र रोममध्ये संत अल्फोन्सस यांच्या चर्चमध्ये आहे, तिथे ते 1866 पासून आहे. आपल्याकडच्या प्रतींमध्ये रंग थोडे बदलतात, मांडणी बदलत नाही.

आधी नुसतं बघा. सोनेरी पार्श्वभूमी. आई बाळाकडे बघत नाही, आपल्याकडे बघते. बाळाने दोन्ही हातांनी आईचा हात धरलाय, पण त्याची मान मागे वळलेली. एका पायातली चप्पल सुटून लोंबते आहे. वर दोन्ही बाजूंना एकेक देवदूत.

आता खुणा. आपल्या डावीकडच्या देवदूताजवळ भाला आणि काठीवरचा स्पंज, हा मिखाएल. उजवीकडच्याजवळ क्रूस आणि खिळे, हा गब्रिएल. बाळाची नजर त्या बाजूला गेलेली. म्हणजे या बाळाने स्वतःच्या मरणाची साधनं पाहिली आहेत, आणि घाबरून आईकडे धाव घेताना चप्पल सुटली आहे, असाच तिचा अर्थ लावतात.

मग उतारा. स्पंज योहान 19:29 मध्ये, भाला 19:34 मध्ये. पण बालपणी देवदूतांनी ही साधनं दाखवली असा प्रसंग कोणत्याही शुभवर्तमानात नाही. अख्खा प्रसंग उजव्या रकान्यात जातो. एवढं कळल्यावर बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला येणारी माणसं या चित्रापुढेच आपलं भय का मांडतात ते समजतं. 'मदर मेरी आणि बाळ येशू' या मथळ्यात यातलं काहीच येत नाही.

## पायरी 6: शेजारी मराठी काव्य ठेवा

मराठी वाचकाकडे इथे मोठी ठेव आहे आणि ती वापरली जात नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तायन हे येशूच्या चरित्रावरचं काव्य हाती घेतलं, 1919 मध्ये ते गेले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं.

पहिल्या ओवीपासून वाचायला बसलात तर अर्ध्यात सोडाल. आपला प्रसंग ठरलेला आहे, तेवढाच भाग काढा. येशूच्या जीवनातला प्रसंग असेल तर थेट दुसऱ्या पुराणात जा. अध्यायांना तिथे 'अवस्वरू' म्हणतात. ज्या आवृत्तीत ओवीसोबत आजच्या गद्य मराठीतला अर्थ आहे ती घ्या. मोठ्याने वाचा, ओवी डोळ्यांनी वाचून उलगडत नाही. मग पाचव्या पायरीतल्या पानाला तिसरा रकाना जोडा: कवीने काय वाढवलं, काय गाळलं, कुठे थांबला.

वैकुंठासारखे शब्द भेटतील. तिथे अडून वाद घालू नका आणि 'हिंदू प्रभाव' असं दोन शब्दांत निकालात काढू नका. त्या जागी बायबलमध्ये कोणता शब्द आहे ते पाहा, तो शेजारी लिहा आणि पुढे जा. टिळकांची गीतं ऐकायची असतील तर मराठी प्रोटेस्टंट चर्चच्या रविवारच्या उपासनेला बसा. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात ती पुष्कळ आहेत आणि लोक ती मनापासून गातात. तिथे क्रुसावर येशूची आकृती बहुधा नसते, रिकामा क्रूस असतो. कॅथलिक चर्चमधल्या क्रुसाशी याची गल्लत करू नका.

आधुनिक चित्रकारांसाठीही हाच क्रम चालतो. अँजेलो द फोन्सेका (1902–1967) यांची मरिया साडीत असते. एफ. एन. सूझा (1924–2002) यांचा क्रुसावरचा येशू काटेरी आणि भेसूर आहे. आधी त्यांचं चरित्र वाचू नका. पायरी 2 पासूनच सुरू करा, नाहीतर चित्राऐवजी चित्रकाराच्या आयुष्याबद्दलच लिहून होतं.

## पायरी 7: आता पाट्या आणि सालं

इथे चूक एकच, पण ती जवळपास प्रत्येक लेखात असते: एका साली सगळं बांधलं गेलं असं धरणं. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाया 1676 चा, उपासना 1718 च्या नाताळात सुरू झाली, कॅथेड्रलचा दर्जा 1837 मध्ये मिळाला. तिन्ही सालं बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींची. आतल्या संगमरवरी स्मारकांची सालं आणखी वेगळी. मोतमाउलीची आजची इमारत 1904 ची आहे, मूर्ती तिच्याहून कितीतरी जुनी. अफगाण चर्च ज्या पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलं ते 1842 मध्ये संपलं, चर्चचं समर्पण 1858 चं.

म्हणून साल लिहिताना शेजारी कशाचं ते लिहा: संस्थापनेचं, इमारतीचं, मूर्तीचं की काचेचं. काचेच्या तळाशी बहुधा कोणाच्या स्मरणार्थ ती बसवली ते कोरलेलं असतं. ते वाचा, पण त्या पाटीवरचं नाव चित्रातल्या संताला चिकटवू नका. देणगीदार वेगळा, संत वेगळा.

## प्रसिद्ध करण्यापूर्वी

मसुदा त्याच चर्चमधल्या कोणाला तरी दाखवा. फादर नसतील तर रोज मिस्सेला येणाऱ्या एखाद्या आजीला दाखवा, मूर्तीचं रूप आणि सणाचा दिवस त्यांना पाठ असतो. कॅथलिक चर्चबद्दल 'मूर्तीची पूजा करतात' असं लिहू नका. ते संतांना मान देतात, त्यांच्याकडे आपल्यासाठी विनवणी करायला सांगतात, आणि हा फरक त्यांच्या दृष्टीने फार मोठा आहे. फोटोखाली चर्चचं पूर्ण नाव, चित्र नेमकं कुठे आहे (डावीकडची बाजूची वेदी, पश्चिमेची खिडकी), काढल्याची तारीख आणि परवानगी मिळाली असल्याचा उल्लेख द्या. दोन खुणा जुळत नसतील तर नावाची जागा मोकळी सोडा आणि फक्त वर्णन छापा.